दिलेला शब्द आणि लावलेली पैज

गेल्या दिवाळीत रेवदंड्याला आमच्या शेजारच्या ओटीवर एक कागद हातोहात फिरला. दोन चुलतभावांचा. थोरला गावी राहून वाडी सांभाळतो, धाकटा मुंबईला नोकरीला. दोघांनी मिळून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली आणि वाडीच्या कडेला पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. पैसा बहुतेक धाकट्याचा, राबणूक थोरल्याची. धाकट्याने शेअरचे पैसे भरले त्याच दिवशी थोरल्याने १०० रुपयांच्या स्टँपपेपरवर लिहून दिले होते, की तीन वर्षांच्या आत तुला हे शेअर नको झाले, तर तू घेतलेल्या किमतीला मी ते सगळे विकत घेईन. खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. आता धाकट्याला मुंबईत घर घ्यायचे होते आणि थोरल्याचा हात आखडला होता.

ओटीवर एक ज्येष्ठ बसले होते. आयुष्य हिशेबतपासणीत गेलेले, गावात शब्दाला वजन असलेले. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, ‘शेअरचा ऑप्शन म्हणजे सट्टा. शेअरबाजारात केला तर सरकार चालवून घेते. दोन माणसांनी घरात बसून केला तर कोर्ट त्याला हात लावत नाही. कंपनीच्या नियमावलीत याची ओळसुद्धा नाही. घरातल्या घरात मिटवा.’ सगळ्यांनी माना डोलावल्या.

घरातल्या घरात मिटवा, हा सल्ला चांगलाच होता. त्याला दिलेले कारण मात्र चूक होते. ते त्या ओटीपुरते असते तर मी हा लेख लिहिला नसता. पण हेच मत अलिबागच्या कचेऱ्यांत, पुण्या-मुंबईच्या सल्लागारांकडे आणि अर्धवट वाचलेल्या कायद्याच्या पुस्तकांतून मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. त्याच्या भरवशावर लोक आपला हक्क सोडून देतात. कोणी त्याच भरवशावर दिलेला शब्द बुडवतात. म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

आधी प्रतिपक्ष न्यायाने मांडतो. त्यांचे म्हणणे असे : पर्याय-करारात, म्हणजे ऑप्शनमध्ये, भविष्यातल्या भावावर सगळे अवलंबून असते. भाव चढला तर एकाचा फायदा, पडला तर दुसऱ्याचा. ही पैजच झाली, आणि पैजेचा करार आपल्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे शून्य आहे. दुसरे, रोखे करार कायदा हा १९५६ चा कायदा शेअरमधल्या अशा व्यवहारांना मनाई करतो. सवलत आहे ती मान्यताप्राप्त शेअरबाजारात होणाऱ्या व्यवहारांना. तिसरे, शेअर ही कंपनीच्या घटनेखाली जन्मलेली मालमत्ता आहे, तेव्हा तिच्या हस्तांतरावरचे बंधन त्या घटनेत, म्हणजे नियमावलीत नसेल तर ते बंधन नाही; सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे. आणि शेवटी, इतके करून करार टिकलाच, तरी मिळणार ती नुकसानभरपाई. शेअर घ्या किंवा द्या असा हुकूम न्यायालय करणार नाही.

यातला एकही मुद्दा हवेतला नाही. प्रत्येकाच्या मागे कधी ना कधी कायदा उभा होता. म्हणूनच हे मत इतके टिकले.

पण ऑप्शन हा शब्द ऐकताच दलाल स्ट्रीट डोळ्यांपुढे आणणाऱ्यांना मी आधी रेवदंड्याच्या आगरकोटातल्या वाड्यांमध्ये नेऊ इच्छितो. इथल्या कुठल्याही जुन्या घरातली कागदांची पेटी उघडा. आमच्या पेटीत पणजोबांच्या वेळचा एक मोडी कागद आहे; कडा खाल्लेल्या, शाई तांबूस झालेली. अडचणीच्या वर्षी नारळ-सुपारीची वाडी त्यांनी विकली आणि त्याच कागदात लिहून घेतले, की ठरल्या मुदतीत रक्कम परत केली तर घेणाऱ्याने वाडी फिरवून द्यावी. याला आपण मुदतखरेदी म्हणतो. कोकणात हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालला. घेणारा बांधलेला होता, देणारा मोकळा. पैसे आणले तर वाडी परत, नाही आणले तर घेणाऱ्याची कायमची. मग हा पर्याय नव्हता तर काय होता? १९२९ साली मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये दुरुस्ती झाली आणि फिरवून देण्याची शर्त त्याच खरेदीखतात नसेल, तर त्या व्यवहाराला गहाण म्हणता येणार नाही असे ठरले. वेगळ्या कागदावर लिहिलेली शर्त तेव्हापासून निव्वळ फेरखरेदीचा हक्क म्हणून पाहिली जाऊ लागली. म्हणजे पर्याय. कोणत्या न्यायालयाने तिला पैज ठरवून फेकून दिले?

आता पैजेचाच मुद्दा घेऊ. मुंबई इलाख्यात १८६५ पासून पैजेविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे आणि तो देशाच्या करार कायद्याहून कडक आहे. पैजेला जोडून केलेले करारही तो शून्य ठरवतो. कापसाच्या आणि शेअरच्या बाजारातली तेजी-मंदी याच कायद्याच्या छायेत न्यायालयांपुढे आली. तेजी म्हणजे ठरल्या भावाने घेण्याचा हक्क, मंदी म्हणजे विकण्याचा, तेजी-मंदी म्हणजे दोन्ही. हक्क घेणारा त्यासाठी आगाऊ रक्कम मोजायचा. प्रतिपक्षाचे म्हणणे खरे असते, तर हे व्यवहार पहिल्याच फटक्यात शून्य व्हायला हवे होते. झाले उलटे. १९२६ साली शोभागमल विरुद्ध मुकुंदचंद या खटल्यात खुद्द प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, की तेजी-मंदीचा करार तेवढ्यानेच पैज होत नाही. तो पैज ठरण्यासाठी दोन्ही बाजूंचा हेतू मालाची देवघेव न करता फक्त भावातला फरक चुकता करण्याचा होता, हे सिद्ध व्हावे लागते.

‘दोन्ही बाजूंचा’ हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. एकाच्या मनात सट्टा असून भागत नाही. मग ओटीवरच्या कागदाला ही कसोटी लावा. थोरल्याने शेअर खरोखर घ्यायचे आहेत, धाकट्याने खरोखर द्यायचे आहेत. फरक चुकता करण्याची भाषा कागदात कुठेही नाही. खोल्या खऱ्या आहेत, वाडी खरी आहे, बँकेतून गेलेला पैसा खरा आहे. भविष्यातल्या भावाची अनिश्चितता तेवढी पैज म्हणायची असेल, तर आंब्याचा मोहोर पाहून बाग घेणारा व्यापारीही जुगारी ठरेल. तो तसा ठरत नाही. हाही ठरणार नाही.

आता रोखे करार कायद्याकडे येतो, कारण खरी लढाई तिथेच आहे. इथे प्रतिपक्षाला मी एक मोठी गोष्ट मोकळ्या मनाने देतो. जवळजवळ अडतीस वर्षे त्यांचे म्हणणे बरोबर होते. १९५६ च्या या कायद्याच्या कलम २० ने रोख्यांमधले पर्याय सरसकट बेकायदा ठरवले होते. कायद्याची व्याख्याही बाजाराच्या बोलीत होती : तेजी, मंदी, तेजी-मंदी, गल्ली, पुट, कॉल, सगळे नावानिशी आत घेतलेले. जोडीला २७ जून १९६९ च्या अधिसूचनेने हातोहात, म्हणजे लगेच पैसे व लगेच शेअर, अशा व्यवहारांपलीकडचे बहुतेक करार बंद केले. ज्या पिढीने वकिली आणि हिशेबतपासणी त्या काळात शिकली, तिच्या मनात ‘ऑप्शन म्हणजे बेकायदा’ हे कोरले गेले.

पण कलम २० आज पुस्तकात नाही. २५ जानेवारी १९९५ पासून ते वगळले गेले. १९६९ ची अधिसूचना १ मार्च २००० ला मागे घेतली गेली आणि तिच्या जागी नवी आली. तिनेही हातोहात व्यवहारांचाच आग्रह धरला. त्यामुळे संशय राहिला, आणि काही निकालांनी तो वाढवलाही. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाने निष्कल्प विरुद्ध हिंदुजा टीएमटी या खटल्यात शेअर परत घेण्याचे वचन हातोहात व्यवहार नाही म्हणून अवैध ठरवले. प्रतिपक्षाच्या भात्यातला हा सर्वांत तीक्ष्ण बाण आहे. मी तो लपवत नाही.

पण तो जिथे लागायला हवा तिथे लागत नाही. का, ते पाहा. वायद्याच्या करारात आजच दोघेही बांधले जातात : अमुक तारखेला तू द्यायचे, मी घ्यायचे. पर्यायात आज एकच बांधला जातो. दुसऱ्याने ‘हो, मला हक्क वापरायचा आहे’ असे म्हणेपर्यंत खरेदी-विक्रीचा करार जन्मालाच आलेला नसतो. असते ते एक उघडे ठेवलेले, मोबदला देऊन बांधून ठेवलेले वचन. हक्क वापरला की विक्रीचा करार होतो, आणि तेव्हा शेअर व पैसे हातोहात देता येतात. हा माझा शोध नव्हे. १९५० च्या दशकातच, जेठालाल ठक्कर विरुद्ध आर. एन. कपूर या दोन व्यक्तींमधल्या वादात, शेअर परत घेण्याच्या शब्दावरून मुंबई उच्च न्यायालयापुढे नेमका हा प्रश्न आला होता. तेव्हा मुंबईत रोख्यांच्या व्यवहारांचा १९२५ चा प्रांतिक कायदा होता. न्यायालयाने हाच भेद ओळखला. पुढे १४ मार्च २०१२ ला एमसीएक्स स्टॉक एक्स्चेंज विरुद्ध सेबी या खटल्यात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने जेठालालचा धागा पुन्हा हातात घेतला आणि शेअर परत घ्यायला लावण्याचा पर्याय हा वायदा नव्हे, असे स्पष्ट सांगितले. डेरिव्हेटिव्हचा मुद्दा तेव्हा सेबीच्या नोटिशीतच नव्हता, म्हणून तो मोकळा राहिला.

तो मोकळा राहिलेला मुद्दाही पुढे निकाली निघाला. एडलवाइज विरुद्ध पर्सेप्ट फिनसर्व्ह या खटल्यात २००७ च्या शेअरखरेदीला जोडलेला एक पुट ऑप्शन होता : ठरलेल्या शर्ती पाळल्या नाहीत तर शेअर परत घ्या, ठरलेल्या परताव्यासह. लवादाने तो रोखे करार कायद्याविरुद्ध म्हणून शून्य ठरवला होता. २७ मार्च २०१९ ला न्या. एस. सी. गुप्ते यांनी लवादाचा तो निष्कर्ष रद्द केला. त्यांचा तर्क साधा आणि वज्रासारखा होता. कायद्याचे कलम १८अ शेअरबाजारातल्या डेरिव्हेटिव्हना वैध ठरवते, याचा अर्थ बाहेरचा प्रत्येक पर्याय अवैध, असा होत नाही. कायदा रोखतो तो पर्यायांचा बाजार, त्यांचा व्यापार. एका खरेदीला जोडलेला, ज्याने घेतला त्याच्याच हातात राहिलेला हक्क म्हणजे व्यापार कसा?

दरम्यान सेबीनेही ३ ऑक्टोबर २०१३ च्या अधिसूचनेने पुट, कॉल आणि आधी विचारण्याच्या हक्काला उघड मान्यता दिली. अटी तीन : शेअर निदान वर्षभर हातात हवेत, किंमत त्या वेळच्या कायद्यात बसावी, आणि शेवटी शेअरची खरी देवघेव व्हावी. यातली तिसरी अट वाचताना मला पुन्हा १९२६ आठवते. शतकभर कसोटी तीच आहे.

आणि एक प्रश्न तर आमच्या ज्येष्ठांनी विचारलाच नाही. ओटीवरची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड होती. मग रोखे करार कायदा तिला लागतो तरी का? १९८० च्या दशकात दहिबेन पटेल विरुद्ध नॉर्मन हॅमिल्टन या, पुन्हा खासगी व्यक्तींमधल्याच, खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितले, की ज्या शेअरच्या हस्तांतरावर नियमावलीचीच बंधने आहेत ते बाजारात विकण्याजोगे रोखे नव्हेत. प्रायव्हेट कंपनीचे शेअर या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. शेअरबाजारात नोंदणी नसलेल्या पब्लिक कंपनीची गोष्ट वेगळी. तिचे शेअर कक्षेत येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पीअरलेसच्या खटल्यात ठरवले. गावोगावच्या लहान, घरगुती कंपन्या मात्र जवळपास सगळ्या प्रायव्हेटच असतात. ज्या कायद्याच्या धाकाने चुलतभावाला त्याचा हक्क सोडायला सांगितला गेला, तो कायदा त्याच्या दारापर्यंत पोचतच नव्हता.

तिसरा आक्षेप नियमावलीचा. इथे प्रतिपक्ष २८ नोव्हेंबर १९९१ चा रंगराज निकाल पुढे करतो. एका घरगुती कंपनीत पन्नास शेअर, दोन भावांच्या दोन शाखांत निम्मे निम्मे. शाखांनी आपसात ठरवलेले, की कोणी विकायचे झाले तर आधी आपल्या शाखेला विचारायचे. एकाने दुसऱ्या शाखेला विकले. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, हे बंधन नियमावलीत नाही. कंपनीला नाही आणि भागधारकांनाही ते बांधत नाही.

निकाल मोठ्या न्यायालयाचा आहे. तो नाकारता येत नाही. पण त्याने ठरवले काय? कंपनीच्या प्रत्येक शेअरवर, पुढच्या प्रत्येक धारकावर कायमची बसणारी मर्यादा घटनेत हवी. एका भावाने दुसऱ्याला दिलेल्या ‘तुझे शेअर मी घेईन’ या शब्दाने कंपनीवर कोणती मर्यादा येते? कंपनी शेअर घेणार नाही. भाऊ घेणार आहे. कंपनीने स्वतःचे शेअर परत घेण्यावर कंपनी कायद्याची कडक बंधने आहेत, आणि लोक त्या बंधनांची सावली भावाच्या वचनावर पाडतात. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

शिवाय रंगराजनंतर पाणी बरेच वाहिले. १ सप्टेंबर २०१० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मेसर होल्डिंग्ज खटल्यात सांगितले, की पब्लिक कंपनीचे शेअर ‘मुक्तपणे हस्तांतरणीय’ असतात याचा अर्थ संचालक मंडळाने त्यांना अडवू नये एवढाच. भागधारकाने आपल्या मर्जीने आपल्या शेअरबद्दल केलेला करार त्याने मरत नाही. २०१२ च्या व्होडाफोन निकालात न्या. राधाकृष्णन यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात रंगराजच्या मताशी उघड असहमती नोंदवली. आणि मग संसदेनेच लेखणी उचलली. कंपनी कायदा २०१३, कलम ५८ पोटकलम २ चे परंतुक : पब्लिक कंपनीच्या रोख्यांच्या हस्तांतराबाबत दोन किंवा अधिक व्यक्तींमधला करार हा करार म्हणून अमलात आणता येईल. कायदा इतका स्वच्छ बोलल्यावर उरते काय?

हा प्रवास कसा होतो, याचे महाराष्ट्रातले उदाहरण बोलके आहे. साताऱ्याची महाराष्ट्र स्कूटर्स. वेस्टर्न महाराष्ट्र डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनकडे २७ टक्के, बजाजकडे २४ टक्के, आणि दोघांत करार : विकायचे तर आधी दुसऱ्याला विचारायचे. २००३ मध्ये महामंडळाने विकायचे ठरवले. किमतीवर वाद झाला. जानेवारी २००६ मध्ये न्या. अरविंद सावंत यांच्या लवादाने शेअरला १५१ रुपये ६३ पैसे किंमत ठरवली. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने निवाडा रद्द केला : असा हक्कच बेकायदा. प्रतिपक्ष आजही हाच २०१० चा निकाल दाखवतो. पण २०१५ मध्ये खंडपीठाने तो फिरवला. २०१९ मध्ये महामंडळाचा हिस्सा बजाजकडे गेला, आणि तेव्हा बाजारात त्याच शेअरचा भाव हजारोंत होता. बाजार चढला म्हणून वचन मोडता आले नाही. ही मंडळी व्यक्ती नव्हत्या, संस्था होत्या, हे खरे. पण सरकारी महामंडळाला जे चुकले नाही, ते दोन भावांना कोणत्या न्यायाने चुकेल?

परदेशातल्यांना जे मिळते ते इथल्याला का नाकारायचे, असेही विचारता येईल. जपानच्या डोकोमोने टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये गुंतवणूक करताना शेअर निदान निम्म्या किमतीला विकून बाहेर पडण्याचा हक्क लिहून घेतला होता. रिझर्व्ह बँकेने हरकत घेतली. एप्रिल २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ११७ कोटी डॉलरचा लवादाचा निवाडा अमलात आणण्याचा मार्ग मोकळा केला.

नुकसानभरपाईच्या मुद्द्यावर फार थांबण्याचे कारण नाही. बाजारात सहज मिळणाऱ्या शेअरबद्दल एके काळी ते बरोबर होते : बाजारातून घ्या, फरक मागा. पण चार खोल्यांच्या कंपनीचे शेअर कोणत्या बाजारात मिळतात? न मिळणारी वस्तू प्रत्यक्षच द्यावी लागते, हे विशिष्ट अनुतोष कायद्याने पूर्वीपासून मानले होते, आणि १ ऑक्टोबर २०१८ पासूनच्या दुरुस्तीने तर कराराची प्रत्यक्ष पूर्तता हाच नियम झाला. मुंबईच्याच चिनॉय खटल्यात, १९५० साली छापून आलेल्या निकालात, प्रिव्ही कौन्सिलने शेअर देण्याचा हुकूम कायम केला. तिथेच त्यांनी सांगितले, की घेणारा तयार आहे हे दाखवायला पैशाची थैली न्यायालयात आणून ठेवावी लागत नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की मी पर्यायाचा प्रत्येक कागद टिकतो म्हणतो आहे. तसे नाही. पर्याय-करार न्यायालयात पडतात. पुष्कळ पडतात. आणि त्यांच्या पडण्यावरूनच हे चुकीचे मत पोसले जाते : पडला, म्हणजे बेकायदा असणार. पडण्याची कारणे मात्र बहुतेक वेळा दुसरीच असतात.

पहिले कारण मुदत. १९६६ च्या हेअर विरुद्ध निकोल या इंग्लिश खटल्यात दोन व्यक्तींचाच वाद होता. शेअर विकताना ते परत घेण्याचा हक्क राखलेला. अमुक तारखेच्या आत नोटीस, अमुक तारखेच्या आत पैसे. नोटीस वेळेत गेली. पैसे वेळेत गेले नाहीत. हक्क संपला. न्यायालयाचे म्हणणे, की पर्याय ही एका बाजूला दिलेली सवलत आहे. ती घेणाऱ्याने तिच्या शर्ती तंतोतंत पाळल्या पाहिजेत, आणि ज्या शेअरचा भाव वरखाली होतो तिथे मुदत हाच कराराचा प्राण आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या कॅल्टेक्स खटल्यात भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणाबाबत तेच सांगितले. आमच्या पणजोबांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते. मुदतीचा दिवस गेला की वाडी गेली, हे त्या पेटीतल्या कागदावर लिहिलेले आहे.

दुसरे कारण नोटीस. १९७४ च्या हॉलवेल विरुद्ध ह्यूज खटल्यात घर घेण्याचा पर्याय होता, नोटीस लेखी द्यायची होती. पत्र टपालात टाकले. ते पोचलेच नाही. पर्याय वापरला गेला नाही असे ठरले. फोनवर ‘मला नकोत आता हे शेअर’ म्हणणे, व्हॉट्सअ‍ॅपवर रागाचे चार शब्द लिहिणे, लग्नात भेटल्यावर बोलून टाकणे : कागदात लेखी नोटीस लिहिली असेल, तर यातल्या कशाच्याही भरवशावर राहू नये.

मोबदला आणि किंमत यांवरही कागद पडतात. नंतर कधीतरी प्रेमाने लिहून दिलेला, काहीही न घेता दिलेला पर्याय देणाऱ्याला स्वीकृतीआधी मागे घेता येतो. ‘त्या वेळी दोघांना पटेल ती किंमत’ असे लिहिलेला करार कलम २९ खाली अनिश्चित म्हणून पडतो. ‘अमुक वर्षाच्या ताळेबंदावरून चार्टर्ड अकाउंटंट ठरवील ती किंमत’ असे लिहिलेला उभा राहतो. स्टँप कमी असणे हा मात्र रोग बरा होणारा आहे. २०२४ पासून महाराष्ट्रात १०० च्या जागी ५०० रुपये लागतात, पण कमी स्टँपचा कागद दंड भरून पुराव्यात आणता येतो, तो शून्य होत नाही.

आता ओटीवरचा कागद या कसोट्यांना लावून पाहा. किंमत निश्चित : घेतलेली. मुदत निश्चित : तीन वर्षे. मोबदला : कंपनीत भरलेले पैसे, थोरल्याच्या सांगण्यावरून आणि त्याच दिवशी भरलेले; करार कायद्याच्या व्याख्येला मोबदला वचन देणाऱ्याच्याच खिशात जावा लागत नाही. नोटिशीची रीत लिहिलेली नाही, म्हणून ती जितकी पक्की देता येईल तितकी द्यावी. या कागदात सट्टा कुठे आहे, हे वाचकांनीच मला दाखवावे.

कोणी म्हणेल, भाऊ भावाला कोर्टात कशाला खेचील? खेचत नाही तोवर ठीक. पण माणसे मरतात आणि वारस वचनाला हजर नसतात. १४ डिसेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ज्योतिर्भास्कर जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातल्या वादात ठरवले, की शेअरवर नाव लावलेला नामनिर्देशित माणूस मालक होत नाही, शेअर वारसांचेच. मग त्या शेअरला जोडलेले वचन कोणाचे? करार कायद्याचे कलम ३७ सांगते, की वचन देणाऱ्याच्या मृत्यूनंतर ते त्याच्या वारसांना बांधते. फेरखरेदीचा हक्क वारसांकडे आणि दुसऱ्याकडेही जाऊ शकतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९४० मध्येच एका खटल्यात सांगितले होते. कागद नीट असेल तर पुढची पिढी तो वाचून मोकळी होते. कागद ‘काही उपयोगाचा नाही’ म्हणून फाडला, तर तिला आठवणींवर भांडावे लागते.

त्या संध्याकाळी ओटीवरून लोक उठल्यावर मी तो कागद पुन्हा मागून घेतला आणि दिव्याखाली तारीख पाहिली. तीन वर्षे पुरी व्हायला एकोणीस दिवस होते. धाकट्याने तोवर सगळे फोनवरच बोललेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आमच्या टेबलावर बसून दहा ओळींची नोटीस दोन प्रतींत लिहिली : किती शेअर, कोणत्या किमतीला, कोणत्या कागदाच्या आधारे, पैसे कधीपर्यंत. मग तो वाडीत गेला. थोरला सुपारी वाळत घालत होता. त्याने हात धोतराला पुसले, नोटीस उभ्यानेच वाचली, आणि दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाली’ असे लिहून खाली तारखेसह सही केली.